ब्राउझर मराठी मागतो, साइट इंग्रजी दाखवते: जँगोत ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ नीट कसे वाचावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जँगोवर (पायथॉन भाषेतली वेबसाइट बनवायची तयार चौकट, म्हणजे फ्रेमवर्क) केलेली साइट, सध्या इंग्रजी आणि हिंदी. मराठीचे भाषांतर चालू आहे. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत आपल्या पसंतीच्या भाषांची यादी ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ या हेडरमध्ये पाठवतो. ती ओळखायला तुम्ही आधी स्वतःच कोड लिहिला होता: हेडर स्वल्पविरामावर तोडायचे, पहिल्या तुकड्याची पहिली दोन अक्षरे घ्यायची. मग तो काढून जँगोचे लोकेल-मिडलवेअर (प्रत्येक विनंतीची भाषा ठरवणारा तयार भाग) लावले. तरीही ज्यांच्या ब्राउझरमध्ये आधी मराठी, मग हिंदी अशी पसंती आहे त्यांना साइट हिंदीत न दिसता इंग्रजीत दिसते. आणि तुमच्या अँड्रॉइड ॲपमधून येणाऱ्यांना तर कायम इंग्रजीच, फोन कुठल्याही भाषेत असो.

या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत. पहिल्यात जँगोला तुमच्याकडे मराठी आहे असे वाटते आहे. दुसऱ्यात तुमचे ॲप बहुधा चुकीच्या आकाराचे हेडर पाठवते आहे आणि जँगो ते पूर्ण फेकून देतो आहे. दोन्ही सविस्तर सांगतो, पण आधी तो जुना कोड परत आणायचा विचार मनात असेल तर तो काढून टाका.

हेडर प्रत्यक्षात लॅटिन अक्षरांत येते. इथे उच्चाराप्रमाणे लिहितो. मराठी पहिली ठेवलेल्या क्रोमकडून साधारण असे काहीतरी येते: ‘एमआर-आयएन, एमआर;क्यू=०.९, एचआय;क्यू=०.८, ईएन;क्यू=०.७’. म्हणजे भारतातली मराठी सर्वांत आधी, मग कुठलीही मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी. ‘क्यू’ हे पसंतीचे वजन: ० ते १, दशांशानंतर जास्तीत जास्त तीन अंक, आणि लिहिलेच नसेल तर १ धरायचे. नियम २०२२ च्या आरएफसी ९११० या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात आहेत. तिथे एक बारीक गोष्ट आहे: सारख्या वजनाच्या भाषांमध्ये आधी लिहिलेली ती आधीची असे मानणारे बरेच आहेत, पण त्यावर विसंबता येत नाही असे तो दस्तऐवज स्पष्ट म्हणतो. म्हणूनच ब्राउझर प्रत्येक भाषेला वेगळे वजन देतात आणि वर उतरत्या क्रमानेही लावतात. तुमचा ‘पहिला तुकडा घ्या’ हा मार्ग ब्राउझरच्या बाबतीत बहुतेक वेळा चालून जायचा तो याचमुळे.

पण ‘पहिली दोन अक्षरे’ हा मार्ग चालत नाही, आणि त्याचा त्रास नेमका आपल्याच भाषांना होतो. कोकणीचा कोड तीन अक्षरी आहे, ‘केओके’. त्याची पहिली दोन अक्षरे ‘केओ’, म्हणजे कोरियन. संथाळी ‘एसएटी’, दोन अक्षरे कापली की ‘एसए’, म्हणजे संस्कृत. मणिपुरी ‘एमएनआय’ कापली की ‘एमएन’, म्हणजे मंगोलियन. या तिन्ही भाषा आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत. मडगावातल्या माणसाने ब्राउझर कोकणीवर ठेवला आणि साइटने त्याला कोरियन वाचक ठरवले, तर त्याला ते कधी कळतही नाही. साइटवर कोरियन नसते, मग सरळ इंग्रजी येते आणि सगळ्यांना वाटते की कोकणी कोणी मागतच नाही. भाषेचा कोड तोडायचा तर तो जोडरेघेवर तोडायचा, अक्षरे मोजून कधीही नाही.

आता पहिली तक्रार. जँगोत ‘लँग्वेजेस’ नावाचे सेटिंग असते. ते तुम्ही लिहिले नाही तर जँगो स्वतःची यादी वापरतो, आणि त्या यादीत जँगोचे भाषांतर ज्या ज्या भाषांत सुरू झाले आहे त्या सगळ्या असतात. मराठीही आहे. लोकेल-मिडलवेअर हेडर वाचते, पहिला दावेदार ‘एमआर-आयएन’ घेते, तो यादीत नाही म्हणून मागचा भाग कापून ‘एमआर’ शोधते. तो सापडतो. मग ते आणखी एक गोष्ट तपासते: या भाषेची संकलित भाषांतर-फाइल कुठे आहे का? जँगोच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये मराठीची फाइल आहे, त्यामुळे हीही अट पूर्ण होते. झाले, मराठी ठरली. हिंदीपर्यंत गोष्ट पोचतच नाही.

मग पान तयार करताना तुमची वाक्ये मराठीत शोधली जातात. ती नाहीत. अशा वेळी जँगो वापरकर्त्याच्या दुसऱ्या पसंतीकडे जात नाही, तो तुमच्या मूळ ‘लँग्वेज-कोड’ सेटिंगकडे जातो, म्हणजे इंग्रजीकडे. भाषेची निवड विनंतीच्या सुरुवातीला एकदाच होते. वाक्यागणिक पसंतीची यादी पुन्हा चाळली जात नाही. ही एवढी गोष्ट पक्की लक्षात ठेवली की निम्मे गोंधळ आपोआप उलगडतात.

पडताळायचे असेल तर त्या वापरकर्त्याला पानाचा सोर्स उघडायला सांगा, किंवा तसेच हेडर देऊन स्वतः पान मागवा. उत्तरात ‘कंटेंट-लँग्वेज’ मराठी असेल आणि मजकूर इंग्रजी असेल, तर दुखणे हेच. टेम्पलेटमध्ये पानाची भाषा आपोआप लिहीत असाल तर तिथेही मराठी दिसेल. याचा खरा फटका बसतो तो स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना: पान मराठी म्हणून घोषित, शब्द इंग्रजी, आणि यंत्राचा मराठी आवाज ती इंग्रजी वाक्ये वाचायला धडपडतो. मी हे एका अंध सहकाऱ्याच्या शेजारी बसून ऐकले आहे. एका फॉर्मचे चार रकाने त्याला तीनदा ऐकावे लागले. तेव्हापासून हे सेटिंग न लिहिलेला प्रकल्प मी पुढे जाऊ देत नाही.

उपाय एका ओळीचा आहे: ‘लँग्वेजेस’मध्ये फक्त इंग्रजी आणि हिंदी लिहा. मराठी तिथे घाला ती सगळ्यात शेवटी, भाषांतर पूर्ण झाल्यावर. आणि घातल्यावर सर्व्हरवर ‘कंपाइल-मेसेजेस’ (भाषांतर-फाइली संकलित करणारी आज्ञा) चालले आहे ना ते बघा. संकलित फाइली बरेच जण गिटमध्ये (कोड साठवायच्या व्यवस्थेत) ठेवत नाहीत. आपल्या संगणकावर सगळे मराठीत दिसते, सर्व्हरवर त्या फाइली बनलेल्याच नसतात, आणि वरच्याच मार्गाने पुन्हा तेच इंग्रजी समोर येते. ‘फझी’ खूण असलेली वाक्येही संकलनात वगळली जातात. मूळ इंग्रजी वाक्यात थोडा बदल झाला की ‘मेक-मेसेजेस’ ही वाक्ये गोळा करणारी आज्ञा जुन्या भाषांतराला ही खूण लावते, आणि कालपर्यंत मराठीत असलेले बटण आज इंग्रजी होते. भाषांतर करणाऱ्याला याची कल्पना आधीच देऊन ठेवा, नाहीतर तो बिचारा आपलेच काही चुकले म्हणून शोधत बसतो.

दुसरी तक्रार, ॲपची. तुम्ही हेडर दिलेले नाही, पण हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की बघायची पहिली जागा सांगतो. अँड्रॉइडवर वापरल्या जाणाऱ्या जावामध्ये ‘लोकेल’ वस्तूचे (भाषा आणि प्रदेशाच्या नोंदीचे) सरळ अक्षररूप मागितले की अधोरेषा मिळते: ‘एमआर_आयएन’. हेडरमध्ये जोडरेघ लागते. त्यासाठी ‘टू-लँग्वेज-टॅग’ नावाची वेगळी पद्धत आहे, ती वापरायला हवी. अधोरेषेने इतके काय बिघडते असे वाटेल. जँगोचा हेडर वाचणारा कोड कडक आहे: हेडरचा एखादा तुकडाही नियमात बसला नाही तर तो कोड पूर्ण हेडर रिकामे धरतो, बाकीचे तुकडे कितीही शुद्ध असोत. त्यामुळे ‘एमआर_आयएन, एचआय;क्यू=०.८’ यातली हिंदीसुद्धा वाया जाते आणि मूळ सेटिंगची इंग्रजी येते. कुठे चूक नोंदवली जात नाही, लॉगमध्ये ओळ येत नाही. फोन कुठल्याही भाषेत असला तरी इंग्रजीच, हे तुमचे लक्षण याला तंतोतंत जुळते. सर्व्हरच्या लॉगमध्ये दोन दिवस हे हेडर जसेच्या तसे नोंदवा, लगेच कळेल. दुरुस्ती ॲपमध्येच करा. सर्व्हरवर अधोरेषेची जोडरेघ करून घेणे हा मलमपट्टीचा उपाय आहे; जुने ॲप लोकांच्या फोनवर वर्षानुवर्षे राहते म्हणून तात्पुरता करावा लागला तर करा, पण तो वेगळ्या छोट्या मिडलवेअरमध्ये, लोकेल-मिडलवेअरच्या आधी.

जुळवणीबद्दल थोडे खोलात जातो, कारण मराठीनंतर तुम्ही कोकणी करणार असाल तर तिथे अडखळाल. मागितलेला कोड उजवीकडून एकेक भाग कापत न्यायचा आणि जुळेल तिथे थांबायचे, याला आरएफसी ४६४७ मध्ये ‘लुकअप’ म्हटले आहे. त्याच दस्तऐवजात ‘फिल्टरिंग’ नावाची दुसरी रीत आहे, आणि तिचा स्वभाव उलटा आहे: तिथे ‘एमआर’ मागितले तर ‘एमआर-आयएन’ चालते, पण ‘एमआर-आयएन’ मागितले तर साधे ‘एमआर’ चालत नाही. ब्राउझर ‘एमआर-आयएन’च्या मागोमाग ‘एमआर’ही पाठवतात ते अशा कडक जुळवणीतून वाचण्यासाठी. तुमच्या स्वतःच्या ॲपनेही तसेच पाठवावे.

जँगो आधी कापत जातो, आणि तरीही सापडले नाही तर एक पाऊल पुढे टाकतो: मूळ भाषा तीच असलेला, यादीतला जो पहिला प्रकार दिसेल तो देतो. इंग्रजीला हे ठीक आहे. ब्रिटिश मागितली आणि अमेरिकन मिळाली तरी वाचता येते. कोकणीला तसे नाही. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा आहे, पण रोमी लिपीत कोकणी वाचणारा-लिहिणारा मोठा समाज तिथे आहे. तुम्ही यादीत दोन्ही लिप्यांचे वेगळे कोड ठेवलेत आणि वाचकाच्या ब्राउझरने नुसते ‘केओके’ पाठवले, तर यादीत जो आधी लिहिला तो मिळणार. म्हणजे यादीचा क्रम हाच तुमचा निर्णय ठरतो. तो विचार करून लावा, आणि दोन्ही लिप्यांचे दुवे पानावर शेजारी शेजारी ठेवा. शिवाय कोकणी जँगोच्या अंगभूत भाषा-माहितीत नाही. भाषेचे नाव विचारणारा टेम्पलेट-टॅग तिथे अडखळून पडतो. ती नोंद सेटिंग्जमध्ये हाताने भरावी लागते.

एवढे सगळे बरोबर केले तरी हेडर हा अंदाजच असतो. आपल्याकडे तर फारच कच्चा. फोन आणि लॅपटॉप दुकानातून येतो तो बहुधा इंग्रजीत, दुकानदारच पहिल्यांदा चालू करून देतो, आणि ब्राउझर ‘ईएन-आयएन’ किंवा ‘ईएन-जीबी’ पाठवत राहतो. त्या माणसाला मराठी नको आहे असा त्याचा अर्थ मुळीच नाही. त्याने कधी निवडच केलेली नाही. याउलट ज्याच्या हेडरमध्ये मराठी पहिली आहे त्याने ती सेटिंगमध्ये जाऊन, शोधून ठेवलेली असते. म्हणून मी दोन्ही संकेतांना सारखे मानत नाही. मराठी मागितली तर ती निःशंक द्यावी. इंग्रजी मागितली असेल तर इंग्रजी द्यावी, पण पानाच्या वरच्या बाजूला, न लपवता, ‘मराठी’ आणि ‘हिन्दी’ असे त्या त्या लिपीत लिहिलेले दुवे असावेत. झेंडे नकोत. ‘लँग्वेज’ नावाच्या मेनूत दडवलेली मराठी ही जिला इंग्रजी येत नाही तिला सापडत नाही.

एका पतसंस्थेच्या साइटचे काम करताना हे मी जवळून बघितले. आम्ही फक्त हेडरवर विसंबलो होतो. शाखेत बसलो असताना एक बाई आपल्या मुलाचा जुना फोन घेऊन आल्या, ठेवीचे पान इंग्रजीत उघडले आणि त्यांनी फोन कारकुनापुढे धरला: ‘हे तुम्हीच वाचून सांगा.’ त्याच पानाचे मराठी रूप आमच्या सर्व्हरवर तयार होते. त्यांच्यापर्यंत पोचायला वाटच ठेवली नव्हती आम्ही.

जँगोचा क्रम या दृष्टीने चांगला आहे: आधी पानाच्या पत्त्यातला (यूआरएलमधला) भाषेचा भाग, मग कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली निवड), मग हेडर, शेवटी मूळ सेटिंग. पूर्वी सेशनमध्येही (सर्व्हरवरच्या तात्पुरत्या नोंदीत) बघितले जाई, आता ते बंद झाले आहे, त्यामुळे जुन्या लेखांतला सेशनमध्ये भाषा ठेवणारा कोड उचलू नका. कुकीबाबत एक खाच आहे जी जवळपास प्रत्येकाच्या नजरेतून सुटते. ‘लँग्वेज-कुकी-एज’ हे सेटिंग मुळात रिकामे असते, म्हणजे ब्राउझर बंद झाला की कुकी गेली. वाचकाने काल मराठी निवडली, आज पुन्हा इंग्रजी. त्याला वाटते साइट बिघडली. तिथे वर्षभराचे सेकंद, ३१५३६०००, लिहा. लॉगिन असेल तर निवड खात्यातही साठवा आणि लॉगिनच्या वेळी कुकी त्यावरून लावा, म्हणजे नव्या फोनवरही टिकेल.

आयपी पत्त्यावरून राज्य ओळखून भाषा ठरवायची सूचना कोणीतरी करेलच. करू नका. बेळगाव, इंदूर, बडोदा इथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी वाचणारी घरे आहेत आणि मुंबईत मराठी न वाचणारेही भरपूर. आयपी पत्ता माणूस कुठे आहे ते सांगतो, तो काय वाचतो ते नाही.

आता कॅश, म्हणजे पानाची तयार प्रत साठवून पुढच्यांना तीच देणारी मधली यंत्रणा. भाषा पानाच्या पत्त्यात नसेल, म्हणजे एकच पत्ता कधी हिंदी कधी इंग्रजी देत असेल, तर मिडलवेअर उत्तराला ‘व्हेरी: ॲक्सेप्ट-लँग्वेज’ जोडते, जेणेकरून मधला कॅश भाषेनुसार वेगळी प्रत ठेवील. अडचणी दोन आहेत. काही सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणाऱ्या सेवा) या सूचनेकडे लक्षच देत नाहीत. पहिला वाचक ज्या भाषेचा, तीच भाषा पुढच्या सगळ्यांना. आणि जे लक्ष देतात त्यांच्याकडे हेडरच्या प्रत्येक वेगळ्या रूपाची वेगळी प्रत बनते, कॅशचा उपयोगच राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे भाषा कुकीवरून ठरली तरी मिडलवेअर ‘व्हेरी’मध्ये कुकी लिहीत नाही. मराठी निवडलेल्या वाचकाचे पान मग इंग्रजी हेडरवाल्या दुसऱ्याला जाऊ शकते. म्हणून माझे मत ठाम आहे: मधे कुठलाही सामायिक कॅश असेल तर भाषा पत्त्यात घाला. जँगोचे ‘आय-एटीन-एन पॅटर्न्स’ हेच करतात. हेडर मग फक्त एकदाच कामाला येते, वाचक भाषेविना मूळ पत्त्यावर आला की त्याला योग्य पत्त्याकडे वळवायला. त्या वळणाच्या उत्तराला मात्र जँगो भाषा आणि कुकी दोन्ही ‘व्हेरी’मध्ये लिहितो. हे वळण तात्पुरत्या प्रकारचे, ३०२, आहे; कोणाच्या सांगण्यावरून ते ३०१ करू नका, ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि नंतर भाषा बदलली तरी जुन्याच पत्त्यावर जातो.

पत्त्यात भाषा घालण्याचे दुसरे कारण शोधयंत्र. गूगलचा क्रॉलर (शोधासाठी पाने वाचत फिरणारा प्रोग्राम) हे हेडर पाठवत नाही. एकाच पत्त्यावर हेडर बघून भाषा बदलणारी साइट त्याला कायम मूळ भाषेतच दिसते, आणि तुमचे मराठी पान त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. महिनाभर खपून केलेले भाषांतर शोधात सापडूच नये याहून वाईट काय असणार?

हेडर वाचणारा स्वतःचा कोड परत आणू नका असे सुरुवातीला म्हणालो त्याला सुरक्षेचेही कारण आहे. हे हेडर बाहेरून येते, हवे तेवढे लांब असू शकते. प्रचंड मोठी हेडरे पाठवून जँगोची मेमरी भरवता येते ही त्रुटी ऑक्टोबर २००७ मध्ये दुरुस्त झाली. तरी त्याच स्वरूपाची गोष्ट फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा निघाली: वाचलेली हेडरे वेगासाठी साठवून ठेवली जात, आणि मोठी मोठी हेडरे साठत जाऊन मेमरी भरे. ४.१.६, ४.०.९ आणि ३.२.१७ मध्ये ५०० अक्षरांची मर्यादा आली. जुलै २०२४ मध्ये लांबलचक भाषा-कोडवर जुळवणीच रेंगाळते असे आढळले, त्याची दुरुस्ती ५.०.७ आणि ४.२.१४ मध्ये आहे. इतक्या वर्षांच्या, इतक्या डोळ्यांखालून गेलेल्या कोडमध्ये हे निघते, तर आपल्या दहा ओळींची खात्री कोण देणार? तुमची आवृत्ती यांहून जुनी असेल तर आजच वाढवा.

जँगोऐवजी दुसऱ्या चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये) काम करणाऱ्यांसाठी एवढेच: फ्लास्कमध्ये ‘बेस्ट-मॅच’ आहे, त्याला आपल्या भाषांची यादी द्यायची, सिम्फनीत ‘गेट-प्रिफर्ड-लँग्वेज’ तेच करते. एएसपी डॉट नेट कोअर मुळात हेडरमधल्या पहिल्या तीनच भाषा बघते, आणि क्रोमसारखा ब्राउझर इंग्रजीचेच तीन प्रकार आधी पाठवत असेल तर चौथ्या जागेवरची मराठी तिला दिसत नाही. ती मर्यादा वाढवता येते.

बदल केल्यावर चाचण्या लिहा, आणि त्या खऱ्या हेडरांवर लिहा. माझ्या प्रत्येक प्रकल्पात ही असतात: हेडर नाही; नुसता तारा (*); ‘एमआर-आयएन’ एकटेच (कारण सफारीसारखे ब्राउझर खासगीपणासाठी बहुधा पहिलीच भाषा पाठवतात); मराठी मग हिंदी (साइटवर मराठी नसताना, आणि अपेक्षा हिंदीची); वजनांचा क्रम उलटा लिहिलेले; अधोरेषेचे; ‘केओके’; हजार अक्षरांचे. त्यात एक चाचणी कुकी मराठी आणि हेडर इंग्रजी अशी घाला. तुमच्या बाबतीत चौथीपासून सुरू करा: आजच्या कोडवर ती नापास व्हायला हवी, आणि ‘लँग्वेजेस’ची ओळ लिहिताच पास. तसे झाले नाही तर हेडर आणि उत्तरातले ‘कंटेंट-लँग्वेज’ दोन्ही जसेच्या तसे कळवा, मग पुढे बघू.